एल्फ्रीडाला शांती नाही

एल्फ्रीडा शेलेनबर्गचं पोट दुखायचं. डॉक्टरकडे न्यावं असलं ते दुखणं नव्हतं. तिची धाकटी बहीण ओलिंडा काँगोहून सुटीवर आली की ते सुरू व्हायचं, आणि ती परत गेली की पुढच्या वर्षभरात हळूहळू उतरायचं. अख्ख्या नॉयफेल्डला हे ठाऊक होतं. तोंडावर मात्र कुणी कधी बोललं नाही, कारण आमचं गाव भल्या माणसांचं आहे. आम्ही पाठीमागं बोलतो.

दोघी बहिणी बिनलग्नाच्या. ओलिंडा देवाला दिली आणि एल्फ्रीडा म्हाताऱ्या आईबापांना दिली, असं आमच्याकडे म्हणायचे. म्हणणाऱ्यांना त्यात वावगं काही वाटत नसे. ओलिंडा नर्स झाली, मिशनच्या दवाखान्यात गेली, तिकडेच तिचे केस पांढरे झाले. एल्फ्रीडाचे इथं झाले. पांढऱ्या केसांत फरक काय असतो? पण ओलिंडाचे पांढरे केस बघून बायकांचे डोळे भरून यायचे, आणि एल्फ्रीडाचे बघून म्हणायचे, "टांटे एल्फ्रीडा, केसांना जरा काहीतरी करा की!" टांटे म्हणजे मावशी. आमच्या मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती मंडळीत चाळिशी उलटलेली प्रत्येक बाई ही गावाची मावशी असते.

चर्चच्या तळघरात जेवणाची खोली आहे, तिथल्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा. मंडळीनं पाठवलेला मिशनरी जिथं असेल तिथं लाल टाचणी, आणि त्या टाचणीपासून आमच्या गावापर्यंत ताणलेला लाल दोरा. काँगोत एक, पराग्वेत एक, जपानात एक. नॉयफेल्डच्या जागी मात्र हे सगळे दोरे गुंडाळून ठेवायला एक जाडजूड खिळा ठोकला होता, त्याखाली अमेरिकेतलं आमचं अर्धं कान्सास राज्य झाकलं गेलं होतं. एल्फ्रीडा राहायची ती त्या खिळ्याखाली.

आणि खिळ्याखाली ती काय करायची? कुणी म्हातारं अंथरुणाला खिळलं की उशाशी एल्फ्रीडा. कुणी गेलं की मयताच्या जेवणाचे झ्वीबाक, म्हणजे एकावर एक बसवलेले ते आमचे दोन मजली पाव, भाजायला एल्फ्रीडा. गावाबाहेर मांसाचा कारखाना निघाला, त्यात कामाला लाओसहून आलेली माणसं ट्रेलरांमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरांत, राहू लागली. त्यांच्या पोरांना शाळेत घालायला, बायकांना दवाखान्यात न्यायला, बर्फात कुठले बूट घालायचे ते दाखवायला एल्फ्रीडा आणि तिची खोकणारी निळी व्हॅन. याला कुणी सेवाकार्य म्हणत नव्हतं. म्हणायचे, "एल्फ्रीडा काय, ती असतेच." पिकतं तिथं विकत नाही, हे गव्हाच्या मुलखातल्या माणसांना वेगळं सांगायला नको.

ओलिंडा सुटीवर आली की स्लाइड्सचा कार्यक्रम. दिवे बंद, भिंतीवर काँगो. दवाखान्यासमोरची रांग: "आहा!" पुराच्या पाण्यातून होडी: "आहा!" ओलिंडाच्या कडेवर जुळी बाळं: "आहाहा!" एल्फ्रीडा तेव्हा शेजारच्या स्वयंपाकघरात कॉफी करत असे. वाढायच्या खिडकीतून तिला काँगो नेहमी तिरका दिसे. प्रत्येक "आहा"ला ती कपबशा जरा जोरात मांडायची. माझी बायको म्हणायची, "ऐकलंत? एल्फ्रीडा टाळ्या वाजवतेय."

दर बुधवारी बायका मिळून गोधड्या शिवतात. ढीग झाला की गठ्ठे बांधून परदेशी. एका थंडीत एल्फ्रीडानं त्यातल्या काही उचलून व्हॅनमध्ये टाकल्या, तर मिशन समितीची अध्यक्ष टांटे आगाथा धावत बाहेर आली.

"अगं, त्या मिशनच्या आहेत!"

"मग ट्रेलरमधली माणसं कुठली? चंद्रावरची?"

"तसं नाही गं. पण ती इथली. इथल्यांना तू आहेस ना!"

"मी गोधडी आहे का?" एल्फ्रीडा म्हणाली आणि व्हॅन चालू केली.

आता मूळ गोष्ट. चर्चच्या मागं एक छोटंसं पांढरं घर आहे, मिशनरी घर. सुटीवर येणाऱ्या मिशनऱ्यानं तिथं राहायचं. बाकीचा बराच काळ ते रिकामं, इस्त्रीच्या चादरी अंगावर घेऊन पाहुण्याची वाट बघत. चादरींना इस्त्री कोण करत होतं ते सांगायला नकोच. किल्ली तिच्याचकडे असायची. त्या जानेवारीत बूनमी नावाच्या लाओ बाईचा ट्रेलर शेगडीचा भडका होऊन जळाला. नवरा, दोन पोरी, म्हातारी सासू, सगळी अंगावरच्या कपड्यांनिशी बर्फात. एल्फ्रीडानं कुणाला न विचारता मिशनरी घराचं दार उघडलं आणि सगळ्यांना आत घातलं.

आगाथा आली ती दारातच थबकली. आत लसणाचा वास, आणि ओलिंडाच्या पलंगावर बूनमीची सासू मजेत घोरत होती.

"एल्फ्रीडा, मार्चमध्ये ओलिंडा येतेय!"

"माहीत आहे. माझी बहीण आहे ती."

"मग ती राहणार कुठं?"

"तिला सवय आहे ना गैरसोयीची? स्लाइडमध्ये तर झोपडीत राहते."

बाई दयाळू होती, यात शंका नाही. पण त्याच घरात पाठीमागं दुसरी खोली होती, चांगली ऐसपैस. सासूला नेमकी ओलिंडाच्याच खोलीत, ओलिंडाच्याच पलंगावर, ओलिंडासाठी राखलेल्या गुलाबी रजईखाली का झोपवलं, हे दयेनं सुटणारं कोडं नव्हतं.

मार्चमध्ये ओलिंडा आली. एल्फ्रीडा भांडायच्या पूर्ण तयारीत. वाक्यं पाठ करून ठेवलेली. ओलिंडानं घर बघितलं, सासूला बघितलं, आणि म्हणाली, "अय्या, राहू देत की त्यांना! मी एल्फीकडे राहीन. आपलं घर आहेच."

झालं! गावभर एकच चर्चा: "केवढं मन आहे ओलिंडाचं! आल्या आल्या आपलं घर देऊन टाकलं!" दार उघडलं एल्फ्रीडानं, आणि मोठं मन निघालं ओलिंडाचं. त्या आठवड्यात एल्फ्रीडाच्या पोटदुखीनं आजवरची हद्द गाठली असणार, कारण तिनं भाजलेल्या झ्वीबाकचे वरचे मजले सगळे एका बाजूला कलले होते.

त्यात ओलिंडानं बातमी सांगितली: आता ती परत जाणार नव्हती. दवाखाना तिथल्याच माणसांनी चालवायला घेतला होता. किल्ल्या तिनं स्वतः शिकवलेल्या तिथल्या नर्सच्या हाती दिल्या, त्यांनी गाणी म्हणून निरोप दिला, संपलं. मंडळी हळहळली. एल्फ्रीडाही हळहळली, तिचं कारण वेगळं.

कारण ओलिंडा रिकामी बसणारी बाई नव्हती. ती व्हॅनमध्ये येऊन बसू लागली. नर्सच ती, बूनमीच्या सासूची पहिल्याच भेटीत तिनं अशी काही नाडी धरली की म्हातारी मग दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. एल्फ्रीडानं धरलेला हात तिनं हळूच सोडवून घेतला आणि ओलिंडाकडे केला. ते एल्फ्रीडानं पाहिलं. बूनमीनं पाहिलं, तिला वाईट वाटलं. "टांटे, म्हातारी वेडी आहे," ती म्हणाली. एल्फ्रीडा म्हणाली, "छे गं, शहाणी आहे. गावासारखीच शहाणी." आणि बाहेर जाऊन इंजिनात तेल बघत बसली. तेल सकाळीच बघून झालं होतं.

मे महिन्यात ओलिंडानं पुन्हा स्लाइड्स दाखवल्या. या वेळी भिंतीवर आमचीच ट्रेलरवस्ती! कपडे वाळत घातलेत, पोरी सायकल चालवताहेत, बूनमी चिकट भात वळून खातेय. "आहा!" मंडळी म्हणाली. शपथेवर सांगतो, तोच "आहा". हे आपल्या इतक्या जवळ होतं आणि आपल्याला दिसलंच नाही, म्हणून दोघातिघांनी रुमाल काढले. एका चित्राच्या कडेला एल्फ्रीडाचा कोपर आला होता. बाकी ती कुठंच नव्हती.

मग मिशन समितीनं ठराव केला: गावातली सेवा हेही मिशनच. त्यासाठी ओलिंडा शेलेनबर्ग हिला विधिवत नेमायचं. महिनाअखेर, पेंटेकॉस्टच्या सणाच्या रविवारी, प्रभुभोजनाच्या उपासनेत. ती पुढं येऊन गुडघे टेकणार, सगळी मंडळी तिच्या डोक्यावर हात ठेवणार, ज्यांचा हात पोचत नाही ते पुढच्याच्या खांद्यावर ठेवणार, आणि पाळक तिला पाठवणार. कुठं पाठवणार? रस्त्याच्या पलीकडं.

ओलिंडानं घरी ही बातमी दिली तेव्हा एल्फ्रीडा कणीक मळत होती, हे मला तिच्या शेजारणीकडून कळलं.

"एल्फी, तूही ये ना. माझ्या शेजारी गुडघे टेक."

"मी काय शेपूट आहे?"

"असं काय बोलतेस? काम आपण दोघी करतो."

"आपण दोघी!" एल्फ्रीडा म्हणाली. त्या दिवशीची कणीक इतकी मळली गेली की पाव फुगलेच नाहीत.

आता आमची एक जुनी रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रभुभोजनाआधी पाळक एकेका बाकाला विचारतो, आणि प्रत्येकानं उभं राहून सांगायचं असतं: "देवाशी आणि माणसांशी मी शांतीत आहे." एकानं जरी नाही म्हटलं तर त्याचं मिटेपर्यंत कुणालाच भाकर मोडायची नाही. रीत फार उदात्त आहे, आणि म्हणूनच तिचा कुणाला त्रास नव्हता. कुंपणावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेले सख्खे भाऊ एकाच बाकावर बसून हेच वाक्य म्हणत. हयात माणसांपैकी कुणी "नाही" म्हटलेलं ऐकलं नव्हतं.

त्या रविवारी चर्च भरलेलं. पुढं भाकर, तिच्यावर पांढरं फडकं. बाजूला विधीत एकमेकांचे पाय धुण्याची गंगाळं, गरम पाणी. ओलिंडा पहिल्या बाकावर, निळा पोशाख. प्रश्न बाकामागून बाक सरकत शेवटच्या बाकापाशी आला. एल्फ्रीडा उभी राहिली. तिनं खालच्या ओठाला एकदा जीभ लावली.

"मी शांतीत नाही."

पाळक लॉयल फ्रोसे हा तरुण माणूस, भला. त्यानं हसून मान डोलावली आणि पुढं सरकला. उत्तर त्याच्या डोक्यात शिरलं तेव्हा तो थांबला. "काय म्हणालात, टांटे?"

"शांतीत नाही म्हटलं. माझ्या बहिणीशी. मला तिचा हेवा वाटतो."

पुढच्या बाकांवरची डोकी एकदम मागं वळली.

लॉयलला पुढं काय करायचं ठाऊक नव्हतं. शेवटी मंडळीच्या कारभारी सेवकांपैकी सगळ्यात म्हातारे डीकन उठले आणि म्हणाले की दोघींनी एकत्र जाऊन मिटवावं, मंडळी वाट बघेल. म्हणून दोघी तळघरातल्या स्वयंपाकघरात गेल्या, दार लावून घेतलं. आणि इथं त्या एक गोष्ट विसरल्या. तळघरातली गरम हवा वर यावी म्हणून चर्चच्या जमिनीत लोखंडी जाळ्या बसवलेल्या आहेत. हिवाळ्यात त्यांतून ऊब येते. त्या दिवशी आवाज आला.

आम्ही ऐकायला नको होतं. डोळे मिटून प्रार्थना करायला हवी होती. डोळे आम्ही मिटले.

"बोल आता," ओलिंडाचा आवाज.

"तूच बोल. लोकांना तुझंच ऐकायची सवय आहे."

"सगळ्यांसमोर, एल्फी! आजच!"

"मग कधी? तुझ्या डोक्यावर हात ठेवायला मीच पुढं यायचं होतं ना? मी करते त्याच कामासाठी?"

"मी मागितलं नव्हतं."

"तुला कधीच मागावं लागत नाही. तेच तर! आई अंथरुणावर होती तेव्हा दर रविवारी तुझ्या नावानं प्रार्थना व्हायची. आईला कुशीवर वळवायचं कुणी?"

"मला तार मिळाली तेव्हा तिला मातीसुद्धा देऊन झाली होती. मला ते सोपं गेलं असं वाटतं तुला?"

"नसेल गेलं. पण तुला सोपं गेलं नाही म्हणून अख्खी मंडळी रडली. माझ्याकडे त्यांनी कॉफी मागितली."

वर कुणीतरी खोकलं. दहा जणांनी त्याच्याकडे रागानं बघितलं.

"तुला हवंय तरी काय?"

"डोक्यावर हात हवेत. एकदा. सगळ्यांचे. त्या आगाथाचासुद्धा."

सगळ्यांनी आगाथाकडे बघितलं. तिनं आपले हात मांडीवर पालथे केले आणि त्यांच्याकडे असं बघितलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

"मग घे! माझ्याऐवजी तू टेक गुडघे."

"तुझं उष्टं? नको."

"मग मी काय करू?" आता ओलिंडाचा आवाज चढला, काँगोच्या स्लाइड्समध्ये तो कधी चढला नव्हता. "तिथं गाणी म्हणून मला मोकळं केलं त्यांनी. नवी नर्स माझ्याहून हुशार आहे. इथं हे काम नसलं तर मी कोण गं? स्लाइडवाली म्हातारी! मी नाही सोडणार."

"मीही नाही."

"नको सोडूस!"

मग पातेल्याचं झाकण पडल्याचा आवाज. पडलं की टाकलं, यावर गावात आजही दोन पक्ष आहेत. आणि मग दोघी जिना चढून वर आल्या, एल्फ्रीडा पुढं.

"मिटलं?" लॉयलनं विचारलं.

"नाही," एल्फ्रीडा म्हणाली. "कॉफी मात्र झालीय."

लॉयलनं भाकरीवरचं फडकं पुन्हा नीट केलं. गंगाळांतलं पाणी कधीच गार झालं होतं. नेमणूक राहिली, प्रभुभोजन राहिलं, आणि एल्फ्रीडाची शांती होईपर्यंत दोन्ही राहणार होती. हा आमच्याच लोकांचा गाढवपणा, दुसऱ्या कुणाला जमायचा नाही: प्रश्न विचारायचा, उत्तर आलं की ते खरं मानायचं, आणि सगळ्यांनी मिळून उपाशी बसायचं.

मग सुरू झाली रीघ. ज्या दाराशी कुणी फिरकत नव्हतं तिथं गाड्या लागू लागल्या. पहिली आगाथा, चेरीचं सार घेऊन.

"एल्फ्रीडा, माझं काही चुकलं असेल तर..."

"बोलू की. पण आता वेळ नाही. बूनमीच्या सासूला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. व्हॅनमध्ये बस, वाटेत बोलू."

आगाथा बसली. परत आली तेव्हा तिला सासूचं नाव येत होतं आणि चिकट भात हातानं खाता येत होता. माफी मागायची राहूनच गेली होती. म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. जो जो समजूत घालायला जायचा तो व्हॅनमध्ये कोंबला जायचा. कापणीच्या दिवसांपर्यंत अर्ध्या मंडळीला ट्रेलरवस्तीतल्या गल्ल्या पाठ झाल्या. बुधवारच्या गोधड्यांतला एक ढीग आगाथा स्वतः बाजूला काढू लागली. परदेशी गठ्ठे जातच राहिले, दोन्हीला पुरतील इतकी ठिगळं आमच्या बायकांकडे नेहमीच असतात. आणि रविवारी लॉयलनं विचारलं, "टांटे, आता कसं वाटतंय?" की एल्फ्रीडा पोटावर हात ठेवून म्हणायची, "बरंच उतरलंय. पण अजून जरा इथं आहे."

माझ्या बायकोचं ठाम मत आहे की ती जूनमध्येच शांत झाली होती. इतकी माणसं, इतकी चेरीची सारं, इतकं विचारणं! कोण लवकर बरं होईल?

आणि ओलिंडा? ती दार उघडायची. येणारा म्हणायचा, "एल्फ्रीडा आहे का?" ती आत बोलवायची आणि कॉफी ठेवायची. व्हॅन भरून जायची, तिला जागा उरायची नाही. "तू उद्या ये हं, ओली," एल्फ्रीडा खिडकीतून म्हणायची, इतक्या गोड आवाजात की इंजिनसुद्धा खोकायचं थांबावं. बूनमीच्या सासूनं एकदा ओलिंडा कुठं म्हणून विचारलं तेव्हा एल्फ्रीडानं सांगितलं, "तिची सुटी चालू आहे."

ऑक्टोबरमध्ये प्रभुभोजन पुन्हा ठरलं, कारण एल्फ्रीडानं आपण होऊन लॉयलला निरोप धाडला होता. नेमणूक आता तिची आणि ओलिंडाची, दोघींची, बरोबरीनं. तसा ठराव आगाथानंच मांडला होता. चर्च मेच्या रविवारापेक्षा जास्त भरलं. पुन्हा भाकर, पुन्हा फडकं, पुन्हा एकेक बाक. दोघी बहिणी या वेळी पहिल्या बाकावर शेजारी शेजारी.

एल्फ्रीडा उठली. चर्चमधलं प्रत्येक पोट आत ओढलेलं.

"देवाशी आणि माणसांशी मी शांतीत आहे."

सगळ्या मंडळीनं सुटकेचा श्वास सोडला. लॉयलचे डोळे ओले झाले. तो हसत शेजारच्या जागेकडे वळला. ओलिंडा उभी राहिली. निळाच पोशाख होता, तोंड मात्र लालबुंद.

"मी नाही," ती म्हणाली.

दोघींच्या डोक्यांवर हात पडले ते शेवटी नाताळाच्या तोंडावर, एकदमच, आगाथाचे दोन्ही. तेव्हा एल्फ्रीडा रडली, छान रडली. पण त्या ऑक्टोबरच्या सकाळी, अख्ख्या मंडळीसमोर धाकटीनं "मी नाही" म्हटल्यावर, तिनं मान वळवून ओलिंडाकडे वर बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं तसं मी तिच्या साठ वर्षांच्या आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. ते हसू शांतीचं नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगतो.